भिंतींतला गारठा

रेमंडच्या सांध्यांना ऊन हवं, असं इंग्लंडातले डॉक्टर म्हणाले, तेव्हा पोर्तुगालचं नाव विनिफ्रेडनेच काढलं. हल शहर सोडायला रेमंड तयार नव्हता. सुतारकामात जन्म गेलेला माणूस. त्याचे दोस्त, त्याची संध्याकाळची बिअर, सगळं तिथंच. पण ती हट्टालाच पेटली. राहतं घर विकलं आणि जूनमध्ये दोघं तिथल्या आलेन्तेजू प्रांतातल्या टेकडीवरच्या एका गावात आली. बाहेर ऊन भाजून काढत होतं. चुना फासलेल्या जाड भिंतींच्या त्या घरात पाऊल टाकलं आणि तिचा जीव थंडावला. तिथल्या तिथे तिने होकार देऊन टाकला.

नोव्हेंबरात पाऊस लागला आणि भिंती काळवंडल्या. फरशीतून गारठा गुडघ्यापर्यंत चढायचा. गाद्या दमट, कपाटातल्या बुटांवर बुरशी. विजेचा हीटर लावला की फ्यूज उडून घरभर अंधार. लाकूडवाल्याने ओली लाकडं गळ्यात मारली होती. ती जळायची कमी, धुमसायचीच जास्त. नाताळ आला तो रेमंडचा खोकला घेऊनच.

शेजारची म्हातारी इदालिना कुंपणावरून डोकावली.

"अगं विनी, ही लाकडं पुढच्या हिवाळ्याची! आत्ता काय जाळतेस?"

"आम्ही उबेसाठी इथे आलो होतो, आजी."

"उबेसाठी? इथे?" म्हातारी खो खो हसली. मग विनिफ्रेडचा चेहरा पाहून वरमली. "नवऱ्याला घेऊन माझ्याकडे ये. मेजाखाली निखारे ठेवते, वरून घोंगडी टाकते. पाय शेकत बसा दोघं."

रेमंड गेला नाही. "लोकांच्या दारात ऊब मागायला जाऊ?" एवढंच म्हणाला आणि ओव्हरकोटासकट पांघरुणात शिरला.

दुपारी ऊन पडलं की घरापेक्षा रस्ताच उबदार असायचा. गावातले म्हातारे चर्चच्या भिंतीला पाठ लावून बसत. विनिफ्रेड रेमंडलाही तिथे नेऊन बसवायची. तेवढाच आधार होता. जानेवारीत धुकं उतरलं आणि तो आधारही गेला. धुकं हलायचं नाव घेईना.

एका सकाळी तिला करवतीचा आवाज आला. लग्नानंतर रेमंडने स्वतःच्या हाताने केलेलं ओकचं कपाट, हलहून जपून आणलेलं, त्याने आडवं पाडलं होतं.

"रेमंड, हे काय करतोस?"

"सुकं लाकूड आहे."

"अरे, पण हे आपलं..."

"मग काय जाळू? तू सांग."

तिने फळी धरली आणि त्याने कापली.

त्या दिवशी शेकोटी छान पेटली. दोघं बिलगून बसली. रेमंडने हातमोजे काढले, बोटं उघडमीट करून पाहिली. मग जाळाकडे बघत म्हणाला, "तू म्हणालीस, म्हणून आलो." आवाजात राग नव्हता. तो चिडला असता, ओरडला असता, तर तिला सोसलं असतं.

कपाट संपलं. खोकला छातीत उतरला.

फेब्रुवारीत मुलगी रोझमेरी आली. बापाला पाहून दारातच रडली. "आई, फोनवर तर म्हणायचीस, इथे ऊन आहे!"

"बाहेर असतं गं," विनिफ्रेड म्हणाली.

इंग्लंडात रोझमेरीच्या घरी एकच छोटी खोली रिकामी होती, तीत एक अरुंद पलंग. ती रेमंडला घेऊन गेली. घर विकलं की विनिफ्रेडने जायचं, असं ठरलं. घरांचा दलाल म्हणाला, "बाई, या दिवसांत हे घर बघायला टेकडी कोण चढणार?"

रविवारी रेमंडचा फोन आला.

"खोकला थांबला बघ. घर इतकं गरम, नुसत्या शर्टावर बसलोय."

"बरं झालं."

तो फुटबॉलबद्दल बोलला, नातवाच्या दाताबद्दल बोलला. तिला वाटलं, आता विचारेल, तू कधी येतेस? त्याने विचारलं नाही. तिचे दात वाजत होते. ते त्याला ऐकू जाऊ नयेत म्हणून तिने फोन तोंडापासून लांब धरला.

"आहेस ना, विनी?"

"आहे."

फोन ठेवून ती तिथेच बसून राहिली. थोड्या वेळाने दारावर थाप पडली.

"विनी! अगं, सूप आणलंय, कोबीचं! उघड की!"

विनिफ्रेडला सगळं ऐकू येत होतं. उठावं असं मनात आलं, पण गारठ्याने आखडलेलं अंग हलेना. म्हातारीने आणखी दोनदा हाक मारली, भांडं उंबऱ्यापाशी ठेवल्याचा आवाज झाला, आणि तिची पावलं हळूहळू दूर गेली.