माझी सवत, गरम हवेची गादी

मी बोलतेय, दारामागच्या खिळ्याला टांगलेली लाल रबरी पिशवी. गरम पाण्याची. हा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना. दार उघडं असलं की मी भिंतीला चेपलेली असते, आणि ते दिवसभर उघडंच असतं.

मूळची मी डॉक्टरबाईंच्या आईची, पाठ शेकायची. लेकीनं दवाखाना काढला तेव्हा त्यांनी पाठीचं दुखणं बाजूला ठेवलं आणि मला देऊन टाकलं. इथं मी फार मानात होते हो. भूल दिली की इवल्या जनावराचं अंग भराभर गार पडतं, पोट उघडलं की आणखीच. अंग गार पडलं की रक्त थांबत नाही, भूल उतरत नाही. म्हणून दवाखान्यात मदतीला असलेल्या मावशी मला भरायच्या, टॉवेलात गुंडाळून जनावराच्या कुशीला ठेवायच्या. किती पिल्लांनी माझ्या अंगाला अंग लावून डोळे उघडले, मोजलं नाही मी.

मग ही आली. निळी, मऊ, शेजारी यंत्र आणि त्याला हत्तीच्या सोंडेसारखी नळी. यंत्रातून गरम हवा येते आणि बाईसाहेब फुगतात. आल्या दिवसापासून तिचे लाड. तिचा अभ्रा वेगळा धुवायचा, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मावशी कौतुकानं दाखवायच्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. फुंकर मारल्यासारखी ऊब ती, तिला काय कळणार जीव लावणं!

मी रोज मनात म्हणायचे, पडू दे बंद हिला.

ती का आली, ते सांगायचं मी टाळत होते. सांगते. एका शिंप्याचं कुत्र्याचं पिल्लू आलं होतं, बटण गिळलेलं. ऑपरेशन दीड तास चाललं. बटण निघालं, टाके पडले, पिल्लू मात्र उठलंच नाही. डॉक्टरबाईंनी मला बाहेर ओढलं.

"ही गार पडलीय. कधीची, कुणी बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे, मावशी."

महिन्याभरात गादी आली. तिच्याबरोबर भिंतीवर एक पाटीही आली. तिच्यावर दर दहा मिनिटांनी जनावराच्या अंगाचं तापमान लिहायचं. पाटीकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही. माझं सगळं लक्ष सवतीकडे.

परवा दुपारी गाडीखाली सापडलेला कुत्रा नुकताच ऑपरेशन होऊन गादीवर होता, कुडकुडत. त्याला हलवायची सोय नव्हती. तेवढ्यात तोच शिंपी आला. पिल्लू गेल्यावर त्यानं मांजरी पाळली होती. ती पिल्लं होताना अडली होती, रक्त जात होतं. टोपली पुढं करून तो म्हणाला, "बाई, ह्या वेळी तरी..."

मावशींनी मला खिळ्यावरून काढलं. खरं सांगते, मांजरीची काळजी नंतर वाटली, आधी मी सवतीकडे बघितलं. बघ म्हटलं, शेवटी कुणाची गरज पडली!

पोट उघडलं. पहिल्या दहा मिनिटांनी मावशींनी तापमान पाटीवर लिहिलं आणि टॉवेलात हात घालून मला चाचपलं. दुसऱ्या वेळी चाचपलं आणि सरळ उपसून काढलं, ओतलं, पुन्हा भरलं. मला भयंकर राग आला. अजून ऊब होती की माझ्यात! असं चार वेळा केलं त्यांनी. चौथ्या वेळी मांजरीनं कान हलवला. दोन पिल्लंही जगली.

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले, पाटीवरचे आकडे वरून खाली वाचले आणि म्हणाल्या, "मावशी, हे त्या वेळी केलं असतं तर!" ना माझं नाव, ना गादीचं. एवढी वर्षं मी चुकीच्या बाईवर जळत होते म्हणायची. आता त्या पाटीवर जळते.

टाके काढायला आला तेव्हा शिंप्यानं विचारलं की मांजरीला ऊब कशाची दिली. मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. आठवड्यानं त्यानं माझ्यासाठी जाड कापडाचं आवरण शिवून आणलं. बटण लावलं नव्हतं, नाडी लावली होती. तो स्वतःच्या हातानं मला ते घालत होता आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं. कारण त्याच्या पिल्लाजवळ मी नुसती गार पडले नव्हते. गार पडल्यावर मी त्याच्याच अंगातली ऊब ओढत बसले होते. शेवटपर्यंत. हे सवतीनं कधीच केलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझं पोट दुखतं ते त्याचंच.

तेव्हा एवढं ऐका. मला भरा, जवळ ठेवा, पण माझ्यावर विश्वास टाकून पाठ फिरवू नका. दर दहा मिनिटांनी हात लावून बघा. मी कधी गार पडले, ते मला कळत नाही.