काळ्या बैलाच्या गोठ्यातली माती

केनियातल्या शिन्यालूकडे हरलेला बैल पुन्हा कधी झुंजवायचा, हे मालक ठरवत नाही. ज्या बैलाने त्याला पळवलं, त्याच्या गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणून पुढ्यात टाकतात. वास घेऊन मागे सरला तर अजून कच्चा. शिंगांनी उधळली तर तयार.

इम्बुगामामाच्या तुफान बैलाने त्या शनिवारी सकाळी, मागच्या झुंजीत त्याला पळवणाऱ्या काळ्या बैलाची माती उधळली आणि तिच्याबरोबर स्वतःचा गोठाही. एक खांब नदीपलीकडच्या चर्चच्या घंटेवर जाऊन आदळला. रविवार समजून लोक नटूनथटून बाहेर पडले.

"तयार आहे!" लिहांडा ओरडला. "आज हा जिंकला तर मीही नैरोबीला जाणार."

"आणि हरला तर?" मामाने विचारलं. "गवत कापणार?"

लिहांडा प्रोग्रॅमर होता. त्याच्या प्रोग्रॅममधल्या एका चुकीच्या ओळीने नैरोबीतल्या साऱ्या रुग्णवाहिका एकाच गल्लीत नेऊन कोंबल्या. ड्रायव्हर आधी एकमेकांवर पान्हे घेऊन धावले, मग कचेरीत घुसले आणि लिहांडाचे दात पाडून गेले. तेव्हापासून तो मामाकडे होता. 'आणखी एक कोर्स झाला की जाईन' हे पालुपद. आता कचेरीतल्या वरिष्ठ न्याम्बुरामॅडमचा निरोप आला होता: परत येतोस का ते आज दुपारपर्यंत सांग, नाहीतर जागा दुसऱ्याला.

मैदानात ढोल तापले. पहिल्याच धडकेला झाडावर चढून बसलेली माणसं पिकल्या पेरूंसारखी टपटप खाली पडली. काळ्याचा कान फाटला. तुफानचं शिंग मुळापासून मोडलं, तरी रक्ताच्या चिळकांड्या उडवत तो रेटतच राहिला. मग काळ्याने त्याच्या खांद्यात शिंग रुतवून असं फिरवलं, की तुफान पाठ दाखवून सुटला. वाटेत त्याने मामाला चरात भिरकावलं आणि लिहांडाच्या बरगड्यांवरून गेला. मागोमाग दोन्ही बैलांच्या गावांनी काठ्या उपसल्या.

"मामा, तो तयार नव्हताच!" लिहांडा रक्त थुंकत कण्हला.

चरात मामाचा पाय भलतीकडेच वळला होता. "तयार होता रे! तयार असलेलाही मार खातो. नक्की जिंकणारा बैल कुठे मिळाला तर माझ्यासाठी विकत आण."

काठ्या डोक्यावरून सूं सूं जात होत्या. लिहांडाने फोन काढला. ती ओळ त्याने त्या दिवसानंतर एकदाही उघडली नव्हती. आता उघडली. नाकातलं रक्त पडद्यावर ठिबकलं, ते त्याने बाहीने पुसलं.

"कुठल्या गाढवाने लिहिलंय हे!" तो गरजला. "पत्ता नसला की प्रोग्रॅम सरळ यादीतली पहिली गल्ली धरतोय!"

पाठीत काठी बसली. "थांब रे मेल्या, वाचू दे!" म्हणत त्याने न बघताच लाथ हाणली. कुणीतरी कोलमडलं. तेवढ्यात फोन वाजला.

"लिहांडा, कसला गोंधळ आहे तिकडे? काय ठरलं?"

"मॅडम, त्या ओळीला कुणी हात लावला का?"

"तुझ्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही."

"लावू देऊ नका. सोमवारी येतो."

"ये. पण ड्रायव्हर तेच आहेत, बरं का."

लिहांडाची जीभ पडलेल्या दातांच्या जागी फिरली. "त्यांनाही बोलवा. ओळ सुधारून त्यांच्यासमोरच चालवून बघतो."

"आधी मला वर काढ," चरातून मामा बोंबलला, "मग काय चालवायचं ते चालव!"