ब्रेक हळू दाबला तर

सिग्नलला उभी होते, तर मागच्या टेम्पोवाल्यानं खाली उतरून माझ्या काचेवर टकटक केली. "आजी, तुमचे ब्रेकचे लाईट लागत नाहीत. ठोकलीच असती मी आत्ता." जाता जाता "घरात बसायचं सोडून" असं काहीतरी पुटपुटलाही. हो रे बाबा, बसते घरात आणि मारते भिंतींशी गप्पा.

पण मनातून मी टरकले. ही गाडी बंद झाली की माझं ताईकडे जाणं बंद. माझी थोरली बहीण गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात आहे, तिथे बस जात नाही. तिला माझ्याशिवाय आणि मला तिच्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही. त्यात हल्ली तिला काही आठवत नाही. दर आठवड्याला तोंड दाखवलं तर मी कोण हे तिला उमगतं, तेही कसंबसं. एक खाडा झाला की सगळं मुसळ केरात.

माझं आयुष्य विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरमागे गेलं. बल्ब आणि फ्यूज मला कोणी शिकवायला नको. घरी आल्या आल्या डिकी उघडून बल्ब काढून पाहिले, धडधाकट. फ्यूजही शाबूत. राहता राहिलं एकच, ब्रेक दाबायचा आणि मागे जाऊन बघायचं. आता घ्या. पाय पुढे आणि डोळे मागे, हे एकट्या माणसाचं कामच नव्हे. नवरा होता तेव्हा मी पेडलवर बसायचे आणि तो मागून ओरडायचा. शेजाऱ्यांना हाक मारावी तर गाडी लावण्यावरून माझं त्यांच्याशी वाजलेलं. शेवटी झाडूचा दांडा आणला, एक टोक पेडलवर, दुसरं सीटला, आणि सीट पुढे ढकलून गच्च अडकवला. मागे जाऊन पाहते तर लाईट लख्ख. म्हटलं, त्या टेम्पोवाल्याचेच डोळे तपासायला हवेत.

दुसऱ्या दिवशी एका बाईनं हॉर्न वाजवून वाजवून मला थांबवलं आणि तेच सांगितलं. मग गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं झुरळ चिरडावं तसा पेडलवर पाय दिला आणि पोऱ्यानं मागून लाईट लागल्याचं सांगितलं. "काकू, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही उगाच मनाला लावून घेता." डोक्यात तिडीक गेली. या घोळात ताईची एक खेप बुडाली. तो दिवस मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. टीव्ही लावला, बंद केला. फोन बिघडलाय का म्हणून उचलून पाहिला. चांगला चालू होता.

पुढच्या आठवड्यात म्हटलं, होईल ते होवो. रस्ते रिकामे असताना सकाळीच निघाले आणि जीव मुठीत धरून पोचले.

ताई अंगणात बाकावर बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं मान वर केली आणि हसली, अनोळखी माणसाकडे पाहून हसतात तसं.

"कोणाला भेटायचंय तुम्हाला?"

तिला ओळख पटवून द्यायला गेलं की ती घाबरते, हे मला माहीत आहे. म्हणून म्हटलं, "कोणाला नाही. माझी गाडी बिघडलीय. जरा मदत कराल का?"

मदत म्हटल्यावर ताई लगेच उठली. आयुष्यभर तिनं हेच केलं.

नर्सला विचारून तिला स्टिअरिंगसमोर बसवलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. ब्रेकचे लाईट किल्लीशिवायही लागतात. मधलं पेडल दाखवलं आणि मागे जाऊन उभी राहिले. "दाबा."

लाईट नाही.

"दाबलंत का?"

"दाबलंय की."

पुढे जाऊन पाहिलं. ताईनं जन्मभर शिवणकाम केलेलं, पेडलही तिनं शिलाई मशीनवर दाबावं तसं अलगद दाबलं होतं. "अजून थोडं दाबून ठेवा," म्हणून मागे पळाले. लागला. "आता जरा सैल सोडा." गेला.

मी कपाळाला हात लावला. पेडलच्या वर एक बारका स्विच असतो, पेडल त्याच्यापासून सुटलं की लाईट लागतो. तो सरकून पेडलला फार चिकटला होता, त्यामुळे लाथ घातल्याशिवाय त्याला जागच येत नव्हती. मीही गाडी सावकाश थांबवते, ब्रेक हळूच दाबते. दांड्याला हळू दाबता येत नाही, आणि मेकॅनिकला तर नाहीच नाही.

पाना घेऊन ताईच्या पायांशी वाकले. नट सैल केला, स्विच थोडा मागे घेतला, पुन्हा आवळला. तेवढ्यात वरून ताई म्हणाली, "घरी कोणी नाही का हो तुमच्या, असल्या कामाला?"

"बहीण आहे."

"मलाही आहे एक. धाकटी. फार चिडकी आहे, नाकावर राग नुसता. पण येते हं, न चुकता येते. मागच्या वेळी तेवढी आली नाही."

मी खाली मान घालून पाना पुसत राहिले. "तिची गाडी बिघडली होती."

"तुम्ही ओळखता तिला?"

"ओळखते."

"मग तिला सांगाल? म्हणावं, रागावली असशील तरी ये. मी रोज इथे बाहेरच बसते."

"सांगते," म्हटलं. डोळे पुसायला मला गाडीच्या मागे जावं लागलं. तिथून म्हटलं, "दाबा." तिनं हळूच दाबलं आणि लाईट लागला.