माझ्याच नाकात माझंच पीस

मी कबरी बोलतेय. धामणगाव रेल्वेपासून दोन कोसांवरच्या खेड्यात, आशाबाईंच्या अंगणात राहणारी कोंबडी. कोंबडीचं कोण ऐकतं, असं म्हणू नका. कोंबडा आरवला की उठताच ना तुम्ही?

माझा जन्म याच घरचा. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या कुडाआड एक टोपली होती, तिच्यात आईच्या पोटाखाली मी अंड्यातून बाहेर आले. सगळ्यात आधी मला कळली ती ऊब. उजेड नंतर दिसला. पुढे दोन वर्षं मी या घराला अंडी दिली. आशाबाईंचे उपासतापास फार, त्या स्वतः अंड्याला शिवत नाहीत. पण दाणे टाकताना "खाय व माय" म्हणायच्या. मला तेवढं पुरे होतं.

मार्गशीर्ष लागला आणि मी खुडूक झाले. खुडूक म्हणजे काय, तर अंडी थांबतात, अंग तापतं, पोटाची पिसं झडतात आणि कोंबडी एका जागी बसून राहते. पिल्लं उबवण्यासाठी देवानंच दिलेली ती ओढ. माणसांनी तिची शिवी केली. घरधनी भगवंतराव आपला मुलगा शिवम ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेला पाहिला की म्हणतात, "काहून रे, खुडूक कोंबडीवानी बसून राहिला?" मला सांगा, तो कशावर बसला होता? त्याच्याखालून काय निघणार होतं?

माझी अंडी काढून घेतली. मी रिकाम्या टोपलीत बसले. मग मला बादलीतल्या गार पाण्यात बुडवलं, तेही ऐन थंडीत. तरी मी उठेना, तेव्हा भगवंतरावांनी माझंच एक पीस उपटलं आणि माझ्याच नाकात आडवं खुपसलं. म्हणे, यानं खुडूक मोडते.

शेजारच्या पार्बताबाई कुडाशी उभ्या राहून हसत होत्या. "नाही मोडत तं रस्सा करा न भाऊजी."

"करतोच. पन शिवमच्या मायचे गुरुवार सुरू हायेत न," भगवंतराव म्हणाले. "चौथ्या गुरुवारी उद्यापन झालं का रविवारी पानी ठेवतो चुलीवर."

आशाबाईंच्या व्रतापायी घरात महिनाभर वशाट, म्हणजे मटण-मच्छी बंद होती. म्हणून मी जिवंत होते. तोवर दोन गुरुवार होऊन गेले होते.

त्याच आठवड्यात सून रागिणी अकोल्याहून कोंबडीपालन शिकून आली. येताना तिनं खोक्यात एक दिवसाची पंधरा पिल्लं आणली. जगली तर पुढच्या खेपेला शंभर आणायची आणि मेली तर हा नाद कायमचा सोडायचा, असं सासऱ्यानं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

"यायले ऊब कायची द्यायची?" यावर ओट्यावर सभा भरली. मी चार हातांवर डालग्याखाली कोंडलेली. माझ्याकडे कुणी मान वळवून पाहिलं नाही.

शिवमनं धामणगावहून एलईडी बल्ब आणला. "नवा हाय, मामुली करंट खाते. हात लावून पाय, तापत बी नाही." खरंच तापला नाही. त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात पिल्लं एकमेकांवर चढून कुडकुडत होती. सकाळी दोन गेलेली. जो तापत नाही तो ऊब देईल, हे कोणत्या शाळेत शिकवतात?

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी निखाऱ्यांची शेगडी ठेवली. दार घट्ट लावून घेतलं. खोलीभर धूर झाला आणि आणखी एक गेलं. रागिणी तोंडाला ओढणी लावून रडली.

गुरुवारी आशाबाईंनी न्हाणीतला जुना पिवळा बल्ब काढून दिला. तो बिचारा बरा होता. तापायचा तरी. पण दिवेलागणीला पूजा मांडली, बायका जमल्या, पोथी निम्म्यावर आली आणि लाइन गेली.

थोड्या वेळानं पिल्लांची चिवचिव सुरू झाली. ती माझ्या काळजात घुसत होती. मी डालग्यावर धडका मारल्या, जीव तोडून ओरडले. पोथी अर्धी टाकून आशाबाईंना उठता येत नव्हतं. पण त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि वाचणं थांबवलं.

"रागिणी, कबरी काय म्हनून राहिली पाय बरं."

"आई, ते खुडूक हाय."

"मंग? तिले तेच तं पाह्यजे."

रागिणीनं डालगं उचललं. एकेक करून बारा पिल्लं माझ्या पोटाखाली सरकवली. मी पंख पसरले आणि चिवचिव थांबली. तिनं अकोल्याहून आणलेलं तापमापक माझ्या पिसांत खुपसलं आणि समईच्या उजेडात धरून पाहिलं.

"आई, अडतीस दाखवते. लाइन नाही, कोयसा नाही, अन् अडतीस."

पार्बताबाई हातातलं फूल तसंच धरून बसल्या होत्या. आशाबाईंनी पोथी पुढे वाचायला घेतली.

तीन जीव फुकट गेले हो. चार हातांवर मी बसलेली होते. बाजारात जायच्या आधी अंगणात एकदा पाहायला काय लागतं?

चौथा गुरुवार झाला, उद्यापन झालं. रविवारी भगवंतरावांनी खरोखरच चुलीवर पाणी ठेवलं. "अवो शिवमची माय, धरा हिले."

आशाबाई आल्या, माझ्यापुढे बसल्या. माझ्या पंखांतून बारा डोकी बाहेर आली.

"लेकुरवाळी हाय ते," त्या म्हणाल्या. "गुरुवारी मी गावातल्या लेकुरवाळ्यायचे पाय धुतले. आज घरच्या लेकुरवाळीच्या मानेवर सुरी ठिवू?"

"मंग ह्या पान्याचं काय करू?"

"आंघोळ करा."

आणि त्यांनी आपल्या हातानं माझ्या नाकातलं पीस अलगद ओढून काढलं.

आज माझी बाराही पिल्लं पिसांत आली आहेत, अंगणभर उकरत असतात. रागिणीची शंभर यायची आहेत. तेवढ्यांना माझे पंख पुरणार नाहीत, मला माहीत आहे. बल्ब लावा, पण तापणारा लावा. आणि लाइन गेली तर मला हाक मारा. आशाबाईंच्या हाकेला मी येईन. बाकीच्यांवरचा राग अजून गेलेला नाही, थंडीत नाक दुखतं.

एवढंच मागते की, शिवमला काय बोलायचं ते बोला, पण खुडूक म्हणू नका. तो मान अजून त्याचा नाही.