जिल्ह्यावर बसलेली समिती

उदगीरला चंद्रप्पामामांच्या कापड दुकानामागच्या खोलीत माझं स्क्रोल सॉ उभं होतं. दिसायला शिलाई मशीनच. फक्त सुईच्या जागी दोऱ्याएवढं पातं खालीवर होतं आणि कापडाऐवजी लाकूड कापलं जातं. मशीन चालू झालं की गिऱ्हाइकाची दाढ ठणकते, असं मामांचं म्हणणं होतं.

एप्रिल दोन हजार सोळा. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, आम्हाला नऊ दिवसांनी टँकरनं. त्यातच उदगीर जिल्हा होणार अशी हवा सुटली. प्यायला पाणी नसलं तरी जिल्हा पाहिजे, यावर गल्लीचं एकमत होतं. मामा तर कृती समितीचे अध्यक्ष.

"भाच्या," मामा म्हणाले, "सोमवारी तहसीलसमोर धरणं हाय. नव्या जिल्ह्याचा लाकडी नकाशा करून दे. जमला तर मशीन राहील. न्हाई तर उचलायचं अन् निघायचं."

निघायचं कुठं? आमच्या दोन खोल्यांत मशीन ठेवलं असतं तर आईला उभ्यानं झोपावं लागलं असतं.

सागाच्या प्लायची देखणी बाजू खराब होऊ नये म्हणून शनिवारी मी नकाशाचा कागद मागच्या बाजूला चिकटवला. चार तास लावून पाच तालुके पाच तुकड्यांत कापले. मग देखणी बाजू वर करून जुळवले. जिल्हा आरशात पाहिल्यासारखा आला होता. पश्चिमेचं चाकूर पूर्वेला जाऊन कर्नाटकाला टेकलं होतं. शिवाय पातं वरून खाली कापतं, म्हणून खालच्या, म्हणजे देखण्याच बाजूच्या कडा उचकटल्या होत्या.

लाकूडकामाच्या वेडापायी आमचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, नांदेड-लातूर मिळून एकेचाळीस जण. तिथं फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "संपलं."

पहिलं उत्तर नांदेडच्या रुक्मिणबाईंचं. त्या लाकडाची घुबडं करतात. "माझा मोर अस्साच उलटा झालता. मोराचं कुणाला कळत न्हाई. तुला जिल्हा करायला कुणी सांगितलं?"

हदगावचे भुजंगकाका म्हणाले, "मी अख्खा भारत उलटा कापला. बैठकीत लटकवलाय. दोन वर्षांत एकानंबी हटकलं न्हाई."

रेणापूरच्या शिवप्पाकाकांनी तेवढं कामाचं लिहिलं. "मागची बाजू वर कर, नकाशा आपोआप सुलटा. वरून सागाचा पातळ पापुद्रा चिकटव. तुझ्या नकाशाची पीडीएफ इथंच पाठव, रात्रीत पापुद्रे कापून सकाळच्या एसटीला ड्रायव्हरकडं देतो."

त्याखाली सत्तावीस जणांनी हात जोडले. एकानं काहीच न वाचता "अभिनंदन" लिहिलं.

रविवारी नऊ वाजता ड्रायव्हरनं पेपरात गुंडाळलेला जिल्हा माझ्या हातात दिला. गोंद लावेपर्यंत रुक्मिणबाईंचा फोन.

"दोन तास जड वजन ठेव. मधीच हललं तर पापुद्रा फुगतो. घरात पाण्याची भरलेली टाकी असंल ना?"

"ताई, भरलेली टाकी असती तर मी आधी आंघोळ केली असती."

तेवढ्यात दुकानात समितीची बैठक भरायची वेळ झाली. पाच सभासद. पाचही जण गादीवर बसून बसून वजन कमावलेले व्यापारी. मी तुकडे जमिनीवर मांडले, त्यांवर जुनं दार आडवं टाकलं, दारावर सतरंजी अंथरली.

"या, या. आज बैठक खोलीत. गार हाय इथं."

खोली तापलेल्या तव्यासारखी होती, पण मानानं बोलावलं की माणूस कुठंही बसतो.

मामांचं भाषण सुरू झालं. एरवी ते लवकर संपावं म्हणून मी देव पाण्यात घालतो. त्या दिवशी प्रत्येक मुद्द्याला मीच मान डोलवत राहिलो. वीरण्णाशेठ तंबाखू थुंकायला उठायला लागले.

"बसा मालक, मी डबा आणतो."

"पोरगं लई संस्कारी हाय," वीरण्णाशेठ म्हणाले आणि परत टेकले.

एक तास दहा मिनिटं झाली आणि रस्त्यावर आरोळी उठली, "टँकर आला!"

एवढी जड समिती इतक्या चपळाईनं उठेल असं मला वाटलं नव्हतं. मामा वाक्याच्या मध्येच गेले. जिल्ह्यावर कुणीच उरलं नाही. मी दारावर पालथा पडलो, पण माझं वजन पंचावन्न किलो, त्यातही बरंचसं काळजीचं.

मग डोक्यात प्रकाश पडला. दुकानातले रिकामे कॅन उचलले आणि पळालो. गर्दीत दोघांच्या शिव्या खाल्ल्या आणि एकीला मावशी म्हटलं. सहा कॅन भरून आणून एकेक करून दारावर ठेवले.

पाच मिनिटांत मामा भिजलेल्या बाह्यांनी आत आले. "पाणी सतरंजीवर? डोकं फिरलं का तुझं?"

आता खोटं सुचेना. सगळं सांगितलं. कागद, उलटं चाकूर, एसटी, पापुद्रे, वजन.

मामांनी वाकून दाराखाली बघितलं. "म्हंजे इतका वेळ आम्ही जिल्ह्यावर बसलो होतो?"

"हाव, मामा."

"वीरण्णा कशावर होता?"

"जळकोटवर."

मामांनी घड्याळ बघितलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. दोन तास भरल्यावर आम्ही दोघांनी कॅन उतरवले, दार उचललं. एकही पापुद्रा फुगला नव्हता. चाकूर पश्चिमेला, देवणी खाली, अहमदपूर वर. कडा अशा बसल्या होत्या की मामांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं.

"हे रेणापूरवाले तुझे कोण?"

"कुणी न्हाई. अजून भेटलोबी न्हाई."

"अन् रात्रभर कापत बसले?"

"हाव."

मामांनी कॅनचं झाकण काढलं, पेला भरला आणि माझ्याकडं केला. "घे. तोंड पांढरं पडलंय. मशीन राहू दे हितंच."

मी एका दमात प्यायलो. त्या उन्हाळ्यात कुणी कुणाला दुसरा पेला विचारत नव्हतं. मामांनी विचारला.