न विचारता आलेली रायफल

मी एक जुनी शिकारी रायफल बोलतेय, तीही खोक्यातून. खोकं बंद असलं म्हणून काय झालं? लाकडाला पुठ्ठ्यापलीकडचं ऐकू येतं.

कायद्याचं शिक्षण संपवून लोरे इदियार्त पूर्वेकडच्या शहरातून कॅलिफोर्नियाच्या या कोपऱ्यात, काकांच्या शिकार-मासेमारीच्या सामानाच्या दुकानात परतली, तेव्हा इथं आपली गाठ लबाडांशी पडणार असं तिला वाटलं होतं. चोरवाटेनं बंदुका विकणारे, कायद्याचं नाव काढलं की थुंकणारे. त्यांच्याशी दोन हात करायचे ठरवूनच ती आली होती. प्रत्यक्षात सापडले आर्नोकाका आणि त्यांचे दोस्त. शब्दाला जागणारे, कुणाच्या मेंढ्या चुकल्या तर भरल्या ताटावरून उठणारे. आणि नियम मोडत होते तेच. लोभापायी नव्हे, भिडेपायी.

भिडेची ही गोष्ट मला नवी नाही. माझा निम्मा जन्म तिनंच खाल्ला.

कनेटिकटमधल्या एका कारखान्यात मी घडले. नळी पोलादाची, दस्ता अक्रोडाचा. पहिला मालक पेयो उर्रुटी. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क मुलखातून आलेला मेंढपाळ. उन्हाळाभर तो मेंढ्यांमागे डोंगरात एकटा असायचा. बोलायला कुणी नाही म्हणून अॅस्पेन झाडांच्या पांढऱ्या सालीवर चाकूनं स्वतःचं नाव कोरायचा. एका उन्हाळ्यात त्यानं माझ्या दस्त्यावर चार पाकळ्यांचा बास्क क्रूस कोरला. मला दुखलं नाही. आपलं म्हणून कुणी खूण करत असेल तर दुखत नाही.

मग शेजारच्या नेवाडा राज्यातला त्याचा चुलतभाऊ एका शिकारीपुरती मला घेऊन गेला. परत द्यायचं राहिलं. पेयोनं मागितलं नाही. दिलेली वस्तू मागायची म्हणजे भावाला चोर म्हणायचं. पुढं दर लग्नात दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले, वाईन प्याले, पण माझं नाव कुणी काढलं नाही. मी कपाटामागे गंजत उभी राहिले. पेयोचा मुलगा बेनात त्या घरी आला की कपाटाकडे बघायचा आणि हवापाण्याचं बोलायचा.

चुलतभाऊ गेल्यावर त्याच्या बायकोनं मला एका दुकानदाराला विकलं. त्यानं दुसऱ्या दुकानदाराला धाडलं, आणि कळवायचं राहून गेलं. माझ्याबरोबर एक पिस्तूल होतं. वाटेतल्या गोदामात कुणीतरी खोकं फोडलं. पिस्तूल कोटाखाली गेलं, मी लांब म्हणून मागे राहिले. आम्ही निघालोय हे घेणाऱ्याला ठाऊकच नव्हतं, आणि पाठवणारा समजून चालला होता की पोचलो. शोध घेणार कोण? ते पिस्तूल आज कुणाच्या हातात आहे, मला माहीत नाही. मला त्याची भीती वाटते. बंदुकीला भीती वाटते म्हणजे काय, ते माणसांनी समजून घ्यावं.

शेवटी हात बदलत बदलत मी क्लीटच्या दुकानात आले. क्लीट बार्लो म्हणजे सरहद्दीपलीकडचा, नेवाडातला बंदुकांचा परवानाधारक विक्रेता, आर्नोचा पत्त्यांच्या डावातला जुना जोडीदार. त्यानं माझ्या दस्त्यावरचा क्रूस ओळखला आणि आर्नोला फोन केला. आर्नोनं बेनातला सांगितलं. बेनात म्हणे खुर्चीवर बसला आणि म्हणाला, मागवून घे.

काल कुरियरवाल्यानं मला काउंटरवर ठेवलं. आर्नोनं सही करून टाकली. लोरे मागून आली. तिनं खोकं चारी बाजूंनी फिरवून पाहिलं.

"काका, नंबर कुठाय?"

"कसला?"

"राज्याचा. बाहेरच्या दुकानदारानं बंदूक पाठवायच्या आधी राज्याकडून मंजुरीचा नंबर घ्यायचा. तो खोक्याबरोबर यायला हवा. क्लीटनी घेतलेलाच नाही."

"घेईल गं. पाठवेल मागून. क्लीट आहे तो."

"मागून आलेला नंबर कशाला? लोणचं घालायला?"

"आणि तू काय करणार आहेस? फोन करून विचारणार त्याला? म्हणजे तोंडावर सांगायचं की बाबा, तुझा भरवसा नाही?"

"एवढं एक वाक्य विचारायला तुम्ही इतकी वर्षं लाजताय?"

आर्नो मासेमारीच्या गळांकडे वळला. रागावला की तो गळांची खोकी नीट लावत बसतो. तेच करू लागला.

संध्याकाळी बेनात आला. हातात मटणाच्या रश्श्याचं पातेलं. कोपऱ्यावरच्या खाणावळीतल्या बाईनं काका-पुतणीसाठी दिलेलं. त्यानं पातेलं माझ्या शेजारी टेकवलं आणि खोक्यावर तळहात ठेवला.

"मग, दहा दिवस ना?" त्यानं विचारलं. बंदूक दुकानात पोचली तरी गिऱ्हाइकाला दहा दिवस थांबावं लागतं, हे त्यालाही पाठ होतं. "हिशेब जमतोय. हरणांचा मोसम उघडेल त्याच्या आधी हातात येईल."

आर्नोनं पुतणीकडे बघितलं. मग लोरेनंच सांगितलं. खोकं नियमानं आलेलं नाही. परत गेलं तर मोसम उघडायच्या आत येणार नाही.

"माझी पोर मोसमाच्या पहिल्याच शनिवारी येतेय, मला कायमचं सॅक्रामेंटो शहरात न्यायला," बेनात म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. तिथं ही रायफल घेऊन मी काय मारू, गाड्या? मला हरीण नकोय, पोरी. एकदा हिला घेऊन वर जायचंय, आबांनी नाव कोरलंय त्या झाडापाशी. बसायचं, भाकर आणि मसालेदार चोरिसो सॉसेज खायचं आणि उतरायचं."

"ऐकलंस?" आर्नो म्हणाला. "आता सांग त्याला कायदा."

माझ्या दस्त्यात कळ उठली. त्या झाडाखाली जायला मी किती वर्षं वाट पाहिली होती. लोरेनं डोळे मिटून घ्यावेत, असं मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू?

लोरे स्टुलावर बसली. तिचा आवाज चढला नाही. "कॉलेजात माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचा भाऊ घराच्या दारात उभा असताना पिस्तुलाची गोळी लागून गेला. ते पिस्तूल दोन परवान्याच्या दुकानांमधल्या वाटेवर हरवलेलं होतं. दोन्ही दुकानदार चांगली माणसं होती, काका. अगदी तुमच्यासारखी. पोचलं का, निघालं का, हे विचारायला एकमेकांना लाजली. राज्य तेवढंच मागतं. निघायच्या आधी सांगा, म्हणजे वाटेत काय आहे ते कुणाला तरी माहीत असेल."

"क्लीटनं काही हरवलं नाही," आर्नो पुटपुटला.

"अजून नाही." मग ती बेनातकडे वळली. "तुमच्या वडलांनी ही एकदा मागितली असती तर?"

"मागायची नसते."

"म्हणून तुम्ही आयुष्यभर तिला दुसऱ्याच्या कपाटामागे बघत राहिलात."

हे बोलणं कठोर होतं. बेनातनं पातेल्याचं झाकण उघडलं, परत लावलं, आणि काही न खाता निघून गेला. आर्नोही दिवे मालवून घरी गेला. लोरे त्याच्या मागोमाग गेली.

आज सकाळी दुकान तिनंच उघडलं. परवान्यावर आता काकांबरोबर तिचंही नाव आहे. तिनं कॉफीसुद्धा ठेवली नाही, आधी क्लीटला फोन लावला. आर्नो दारात उभा होता.

"क्लीटकाका, तुमचं खोकं नंबराशिवाय आलंय. ते आजच परत पाठवतेय, आणि तसं राज्याला कळवतेय. आम्ही सही करून घेतलं तेसुद्धा."

पलीकडून क्लीटचा आवाज आला. "इदियार्तांच्या घरातून मला हे ऐकायला लागावं?"

"लागेल. यापुढं दर खेपेला मी आधी नंबर मागणार. तुम्हीही आमच्याकडे मागा. आम्ही वाईट वाटून घेणार नाही."

"तुझा काका काय म्हणतो?"

लोरेनं फोन काकांपुढे धरला. आर्नोनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "नंबर घे, क्लीट," तो म्हणाला. हे तीन शब्द उच्चारताना त्याची जी दशा झाली ती मी पुठ्ठ्याआडूनही ओळखली.

लेबल चिकटवत असताना बेनात आला. "वाकडं लावलंस," एवढंच तो म्हणाला. तिनं लेबल सोलून पुन्हा सरळ लावलं. मग म्हणाली, "शनिवारी तुमच्या मुलीशी मी बोलते, रायफल येईपर्यंत तुम्हाला इथं राहू द्या म्हणून. नाही म्हणाली तर म्हणाली. पण मी विचारणार."

आता मी गाडीत आहे. डोंगर मागे पडतोय. मी वेळेत परत येईन की नाही, झाडापाशी पोचेन की नाही, कुणी सांगावं. पण क्लीटकडून पुन्हा निघेन तेव्हा दोन दुकानं आणि एक राज्य माझी वाट पाहत असतील. माझ्या जातीच्या वस्तूला याहून सुरक्षित रस्ता नाही.

मी मारण्यासाठी घडवलेली वस्तू आहे, हे मी कधी विसरले नाही. तुम्हीही विसरू नका. उद्या मी न कळवता तुमच्या दारात आले, ओळखीच्या माणसाकडून, गोड निरोप घेऊन, तर भिडेखातर मला घरात घेऊ नका. आधी विचारा.