पाठीमागची शिवण

शिंपीणबाईंनी तीस वर्षांत चर्चमधल्या कितीतरी मृतांचे शेवटचे कपडे शिवले आणि सगळ्यांची पाठ उघडी ठेवली. त्यात गैर काही नव्हतं. मेलेल्या माणसाचा हात वर होत नाही. सदरा पुढून चढवायचा, मागे दोन नाड्या बांधायच्या आणि पेटीत निजवायचं. कापडही वाचायचं.

नवऱ्याचा सदराही त्यांनी सवयीनं तसाच बेतला. धाकट्या दिरानं नि पाळकसाहेबांनी तो चढवला. दफन चारला होतं. तीन वाजता बाई नवऱ्याचा भांग नीट करायला वाकल्या आणि कंगवा खाली ठेवून ताठ झाल्या.

"भावजी, यांना कुशीवर करा. मला पाठ शिवायची आहे."

दीर गडबडला. "वहिनी, तासभर राहिलाय. आता कोण बघणार आहे?"

"उठतील तेव्हा सगळे बघतील."

पाळकसाहेब भला माणूस, पण समजावण्याची भारी हौस. पुनरुत्थानात शरीरच नवं मिळेल, तिथे शिंप्याला काम नाही, असं ते हळुवार सांगू लागले. बाईंनी ऐकून घेतलं. लहानपणापासून तेच ऐकत आल्या होत्या आणि त्यांचा विश्वास तोंडदेखला नव्हता. म्हणूनच तर जीव खालीवर होत होता. ज्याला उठायचंच नाही, त्याची पाठ उघडी राहिली काय नि झाकली काय. आणि आजवरची ती सगळी माणसं? त्या दिवशी अर्धी दफनभूमी एका हातानं पाठ झाकत उभी राहणार आणि दुसऱ्या हातानं शिंपिणीकडे बोट दाखवणार. बाईंना हसू फुटलं आणि लगेच रडू कोसळलं.

"नवं शरीर मिळेल तेव्हा मिळेल," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "यांच्या शेजारची जागा मला मिळाली का?"

दफनभूमीत नवऱ्याच्या रांगेत एवढी एकच जागा उरली होती. बाईंची जागा बरोबर मागच्या रांगेत आणि सगळ्यांची तोंडं पूर्वेला, हे पाळकसाहेबांनीच काल सांगितलं होतं.

"म्हणजे मी डोळे उघडीन तेव्हा आधी यांची पाठच दिसणार. एवढी वाट बघून."

पाळकसाहेबांनी बाह्या सरसावल्या आणि दिराला खूण केली. दोघांनी नवऱ्याला कुशीवर धरलं. पण दोन्ही पदर जुळेनात. मध्ये चार बोटांची फट राहत होती आणि पांढरं कापड संपलेलं. बाई आतल्या खोलीत गेल्या. नवऱ्याच्या उशीचा अभ्रा त्यांनी जाऊबाईंना धुऊ दिला नव्हता, त्याला अजून त्यांच्या डोक्याचा वास होता. तो बाईंना हवा होता, पुढच्या सगळ्या रात्रींसाठी. त्यांनी तो एकदा तोंडावर दाबून धरला, मग कात्री लावली.

टाके त्यांनी बारीक घातले, गरजेपेक्षा फारच बारीक. बाहेर पेटी उचलणारी माणसं खोळंबली होती. दीर घड्याळ बघत होता. शेवटची गाठ मारून त्यांनी दोरा दातानं तोडला आणि पाठीवर तळहात ठेवला. हा माणूस रस्त्यात नेहमी दहा पावलं पुढे चालायचा, मागे वळून बघणं म्हणून माहीत नाही.

बाई त्याच्या कानाशी वाकल्या.

"उठलात की लगेच निघू नका. मी येतेय मागून."